सराईची उजवी बाजू

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. कुणी विचारलंच नाही असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण विचारलं होतं, आणि एकदाच नव्हे. बायको असताना तिला तरी सांगावं असं पुष्कळदा मनात यायचं. जेवताना मी सुरुवात करायचो, "त्या सराईचं काय झाल्तं..." ती म्हणायची, "काय झाल्तं?" आणि मी म्हणायचो, "काही न्हाई. भात वाढ." आता ती नाही. भात मीच वाढून घेतो. मुलगा पुण्याला असतो, रविवारी त्याचा फोन येतो, तब्येतीचं बोलून होतं आणि मग दोघंही गप्प बसतो. त्या गप्प बसण्यातही ही गोष्ट सांगून झाली नाही.

मी सरकारी नोकरीत ड्राफ्ट्समन होतो. जुन्या इमारती मोजायच्या आणि त्यांचे नकाशे काढायचे, हे आमचं काम. इमारत उद्या पडली तरी कागदावर उभी राहिली पाहिजे, असं आमचे वरिष्ठ म्हणायचे, आणि मला ते पटायचं. जालना वेगळा जिल्हा झाला त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मला तिथली एक जुनी सराई मोजायला पाठवलं. मस्तगड भागात एका भुसार दुकानाच्या वरची खोली भाड्यानं घेतली. खाली दिवसभर पोती पडायची आणि माझ्या टेबलावर, भांड्यांवर, अंथरुणावर बारीक धूळ बसायची. गावात ओळखीचं कुणी नव्हतं. टेपचं दुसरं टोक धरायला एक रोजंदारीचा माणूस मिळाला होता. तो मुका नव्हता, पण बोलायचा नाही.

सराई म्हणजे पूर्वीच्या काळी व्यापारी आणि त्यांची जनावरं मुक्कामाला उतरायची ती जागा. मध्ये उंच कमानीचा दरवाजा, त्याच्या डाव्या-उजव्या हाताला सारख्या ओवऱ्या, पाठीमागे अरुंद गल्ली. डाव्या बाजूला कुणी राहत नव्हतं, शेजारपाजारच्या शेळ्या बांधलेल्या असायच्या. उजव्या बाजूला एक विधवा बाई राहायची. चाळिशीची असेल, पण सगळी गल्ली तिला अम्मा म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो. तिच्या सासरचे लोक पिढ्यान् पिढ्या त्या सराईत पाणी पाजणारे. मुक्कामाला येणारे लोक कधीच संपले होते, पण पाणी चालू होतं. मागच्या गल्लीत उजव्या भिंतीतून एक दगडी पन्हळ बाहेर आलेली होती. भिंतीच्या आत एक बुटकी खोली, त्यात रांजण. गल्लीतून जाणाऱ्यानं भिंतीवर खड्यानं टकटक करायची आणि पन्हळीखाली ओंजळ धरायची. आतून अम्मा तांब्यानं पाणी सोडायची. जालन्यात तेव्हाही नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नव्हता. तरी त्या पन्हळीला पाणी आलं नाही असं मी पाहिलं नाही.

दुपारी मी तिथं प्यायला जायचो. भिंतीच्या फटीतून तिला चेहरा दिसत नसे, नुसते हात आणि शर्टाचा पुढचा भाग दिसे. दोन-तीन दिवसांत ती हातांवरून मला ओळखू लागली.

"आ गए नक्शेवाले साब. हाथ बराबर जोडो ना. आधा पानी तुमारा शर्ट पी रा."

माझ्या दोन्ही अंगठ्यांमध्ये फट राहायची, त्यातून पाणी गळायचं. दिवसभरात माझ्याशी कुणी बोललेलं तेवढंच असायचं. कधी कधी तहान नसतानाही मी टकटक करायचो. तिला ते कळत असावं, कारण एकदा आतून आवाज आला, "इत्ती प्यास तो ऊंट कू बी नै लगती."

डाव्या बाजूचं मोजून झालं. एकेक कमान, एकेक कोनाडा, ओळंबा सोडून, शिडी लावून, शेळ्यांच्या लेंड्या चुकवत. मग उजव्या बाजूला गेलो तर अम्मा दारात उभी.

"आज नै साब. बेटी जचकी कू आई ना. चिल्ला होने दो. चालीस दिन. फिर पूरा घर नापो, छत पे चढो, मैं कुच नै बोलती."

आतून लहान मुलाचं रडणं ऐकू येत होतं. आमच्यातही सव्वा महिना असतोच, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. पण इतके दिवस त्या धुळीच्या खोलीत काढायचे या विचारानं माझा जीव दडपला.

"अम्मा, मला इतकं थांबता न्हाई येणार. माझी बायकोबी पोटुशी हाय, भोकरदनला."

"या अल्ला, तो यहाँ क्या कर रै? जाओ उसके पास. दीवार कहाँ भाग री? चिल्ले के बाद आव."

मी दुसऱ्या दिवशीच्या बसनं भोकरदनला गेलो. मुलगा झाला. ते दिवस मला आजही आठवतात, आणि त्या दिवसांबद्दल मला पश्चात्ताप वाटत नाही. नंतर मात्र उरलेली बाजू मोजायला मी जालन्याला परत गेलो नाही.

इथे आमच्या कामातली एक पद्धत सांगायला हवी. जुनी बांधकामं बहुतेक वेळा दोन्ही बाजूंनी सारखी असतात. म्हणून एक बाजू नीट मोजायची, तिचा नकाशा ट्रेसिंगच्या पारदर्शक कागदावर काढायचा, मग कागद मधल्या रेघेवर उलटा करायचा आणि त्याच रेघा दुसरीकडे गिरवायच्या. वेळ वाचतो. चार माणसांच्या कचेरीत सगळेच असं करायचे. फक्त उलटलेल्या बाजूची निदान ठळक मापं जागेवर जाऊन ताडून बघायची असा नियम होता. मी ताडून बघितलं नाही. कचेरीत बसून डावी बाजू उजवीकडे उलटली, मागच्या गल्लीची भिंतही तशीच उलटली, आणि खाली "प्रत्यक्ष मोजणीवरून" असं लिहून सही केली.

पन्हळ आठवली नाही का? आठवली. पेन भिंतीवरून फिरताना तिथंच थबकलं. पण माप घेतलेलं नव्हतं, आणि मापाशिवाय रेघ ओढायची नाही हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेलं. मी मनाशी म्हटलं, चूल आणि उखळ आपण कुठं दाखवतो? हीसुद्धा घरगुती वस्तूच. पेन पुढे गेलं. नकाशा सुबक झाला होता. वरिष्ठांनी तो काचेच्या चौकटीत घालून कचेरीच्या भिंतीवर लावला, आणि नवीन आलेल्या लोकांना दाखवू लागले.

काही वर्षं गेली. सराईच्या दुरुस्तीला मंजुरी मिळाली. एके दिवशी कामावरचे इंजिनिअर माझ्या नकाशाची प्रत गुंडाळी करून घेऊन आले आणि त्यांनी ती टेबलावर पसरली.

"हे बघा. तुमच्या नकाशात उजवीकडं सगळं डाव्यासारखंच हाय. तिथं जाऊन बघतो तर एक पन्हळ, एक ठेंगणी खोली. ती बाई म्हणती, सराईइतकंच जुनं हाय. तुमचंच नाव घेती. म्हणती, नकाशेवाल्या साहेबांना विचारा, ते रोज पाणी प्यायचे."

शेजारच्या टेबलावरून एक जण म्हणाला, "म्हणजे साहेब पिऊन नकाशा काढत होते काय?"

सगळे हसले. मीही हसलो. इंजिनिअर हसत हसतच माझ्याकडे बघत थांबले. मुख्य ड्राफ्ट्समनच्या जागेसाठी माझं नाव पुढे गेलेलं होतं, आणि तो नकाशा समोरच्या भिंतीवर काचेत होता. पण आता विचार करतो तेव्हा वाटतं, बढती गेली असती तरी चाललं असतं. त्या हसणाऱ्या माणसांसमोर "मी ती बाजू मोजलीच नाही" असं म्हणवेना.

"नंतरचं बांधकाम दिसतंय," मी म्हणालो. "मी मोजलं तेव्हा न्हवतं."

"बस्स. मंग अतिक्रमणच. काढून टाकू." त्यांनी नकाशा गुंडाळला. त्यांच्या बाजूनं त्यांचं काही चुकलं नाही. त्यांनी विचारलं, मी सांगितलं.

काम संपल्यावर मला पाहणीला पाठवलं. सराईची उजवी बाजू माझ्या कागदातून उठून उभी राहिल्यासारखी दिसत होती. कमानीला कमान, कोनाड्याला कोनाडा. अम्मा तिथं नव्हती. जागेवर तिचा हक्क होता तो त्या पाण्यामुळे. पाणी पाजणाऱ्याची खोलीच खोटी ठरली तेव्हा तिला जागा सोडावी लागली, असं समोरच्या न्हाव्यानं सांगितलं. कुठं गेली हे मी त्याला विचारलं नाही. मागच्या गल्लीत गेलो. भिंत गुळगुळीत, चुना अजून पांढरा. तिथं उभा असताना एक म्हातारा सवयीनं भिंतीजवळ आला, खडा उचलला, भिंतीकडे बघितलं, आणि खडा टाकून निघून गेला.

मी मुख्य ड्राफ्ट्समन झालो. त्याच हुद्द्यावरून निवृत्त झालो आणि, का कोण जाणे, जालन्यात येऊन राहिलो. भोकरदनचं घर भावाकडे होतं, मुलगा पुण्याला स्थिरावला होता, अशी कारणं मी लोकांना सांगायचो. बायको गेल्यावर रोज संध्याकाळी फिरायला निघायचो. सराईच्या गल्लीपर्यंत जायचो आणि तिथून मागे वळायचो.

निवृत्तीनंतर थोड्याच काळात पुण्याहून काही तरुण मंडळी सराईत आली. जुन्या इमारती लेझरच्या यंत्रानं मोजून त्यांचं संगणकात मॉडेल करायचं, म्हणजे इमारत सांभाळणाऱ्यांनाही कामाला येईल आणि कुणालाही घरबसल्या ती बघता येईल, असं त्यांचं काम. जुने नकाशे काढणारा माणूस गावातच आहे हे कळल्यावर त्यांनी मला बोलावलं. त्यांच्यात एक मुलगी होती. तिनं मला खुर्ची दिली, उन्हात बसू नका काका म्हणाली, आणि सगळं दाखवत राहिली.

तिपाईवर ते यंत्र स्वतःभोवती हळूहळू फिरत होतं. आवाज जवळजवळ नव्हताच. भिंतींवर त्यांनी काळ्या-पांढऱ्या चौकटींचे कागद चिकटवले होते, त्या खुणांवरून एका जागेची मोजणी दुसऱ्या जागेच्या मोजणीला जोडता येते. आम्ही कित्येक दिवस शिडीवर चढून जे करायचो ते यंत्र दुपारच्या जेवणाआधी करून मोकळं झालं. मग लॅपटॉपच्या पडद्यावर सराई आली. पिठासारखी. लाखो ठिपके भुरभुरत एकावर एक बसत गेले आणि त्यांतून कमान उभी राहिली. मला खरोखर आनंद झाला होता. कामाचा आनंद वेगळाच असतो, तो कुठंही होतो.

मग तिनं माझा जुना नकाशा त्या ठिपक्यांवर ठेवला.

"काका! हे बघा ना. टेपनं घेतलेली मापं, आणि उजव्या बाजूला दोन बोटांचाही फरक नाही! डावीकडे थोडा आहे, भिंत कलली आहे म्हणून. पण उजवी बाजू! कसं जमवलंत?"

तिनं बाकीच्यांना बोलावून दाखवलं. एक जण म्हणाला, "काका, आमचं यंत्र विका आणि तुम्हीच या." मी हसलो. तशाच एका हसण्यात मी पूर्वी बोललो होतो. मला सांगायचं होतं की उजवी बाजू नकाशाबरहुकूम असणारच, कारण ती नकाशावरूनच बांधली आहे. तुमच्या यंत्रानं सराई मोजलेली नाही, माझी सही मोजली आहे.

"आणखी एक विचारायचं होतं," ती म्हणाली. मागच्या गल्लीची भिंत तिनं पडद्यावर आणली. लेझरचा उजेड जुन्या दगडावरून एका तऱ्हेनं परत येतो, नव्यावरून दुसऱ्या तऱ्हेनं, असं तिनं समजावलं. भिंतीच्या मध्यावर, छातीच्या जरा खाली, एक फिकट चौकोन दिसत होता. डोळ्यांना भिंतीवर तो कधीच दिसला नव्हता. "इथं काहीतरी बुजवलंय. तुम्ही मोजलं तेव्हा इथं काही होतं का?"

तोच प्रश्न. या वेळी कुणी हसत नव्हतं, बढती नव्हती, गमावण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

"दुरुस्तीचं असेल," मी म्हणालो. "आठवत न्हाई."

तिनं काहीतरी टिपून घेतलं आणि मला चहा आणून दिला.

त्या दिवसानंतर मला राहवेना. न्हाव्याच्या दुकानात आता त्याचा पुतण्या बसायचा. अम्मा कुठं असते ते मी अखेर विचारलं.

"अम्मा? ती पोरीकडं ऱ्हाती, वडीगोद्रीला. नातवाचं पंक्चरचं दुकान हाय रोडवर. कुनालाबी इचारा."

अंबडवरून जाणारी बस धरली. रस्त्यात ठरवलं होतं की आधी पाया पडायचं आणि मग बोलायचं. वडीगोद्रीला उतरलो तर दुकान समोरच. टायर रचलेले, पाण्याच्या टबात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधणारा एक दणकट तरुण, आणि बाजूला निंबाखाली बाजेवर बसलेली एक म्हातारी. बाजेशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेला रांजण. ट्रकवाले थांबत होते, ती बसल्या जागेवरून तांब्या बुडवून देत होती.

तिनं माझ्याकडे न बघताच तांब्या पुढे केला. "पेला हाय का अम्मा?" असं विचारायचं सोडून मी सवयीनं ओंजळ धरली. ती पाणी ओतू लागली, थांबली, आणि माझ्या हातांकडे बघत राहिली. माझ्या शर्टावर पाणी गळत होतं.

"नक्शेवाले साब!" ती म्हणाली. "शर्ट की प्यास अब्बी नै बुझी?"

मग चेहऱ्याकडे बघितलं. "बुड्ढे हो गए."

"तुम्हीबी झाल्या की, अम्मा."

"मैं तो तब्बी बुड्ढी थी. अब पुरानी हो गई. पुरानी चीज नापते ना तुम? लाव टेप." आणि ती खळखळून हसली. तरुणाला हाक मारली, "देख, ये साब तेरे चिल्ले में भागे थे!"

तो हात पुसत आला. "माझ्यामुळं तुमचं काम राह्यलं म्हणं, साहेब," तो म्हणाला, आणि चहा सांगायला गेला.

मी बाजेच्या कडेला बसलो. तिनं माझ्या मुलाबद्दल विचारलं, भोकरदनला झाला तोच ना, काय करतो. बायको गेल्याचं सांगितल्यावर तिनं तांब्यानं रांजणाचं फडकं पुन्हा ओलं केलं. मग आपणहून सराईचा विषय काढला.

"बंद कर दिए ना साब. बोले, बाद का है, नक्शे में नै. मैं बोली, नक्शेवाले साब कू पूछो, उनो रोज पीते थे. हाथ जोड के बोली. पूछेच नै." तिनं तांब्या रांजणावर ठेवला. "पूछते तो तुम बोलते ना?"

इतकी वर्षं मी धरून चाललो होतो की तिला माहीत आहे. ती मला शिव्या देत असेल, या कल्पनेची मला सवय झाली होती. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी बोललो असतो. पण ती माझ्या बाजूनं उभी होती. तिच्या हिशोबानं सराईच्या सगळ्या गोष्टीत एकच माणूस खरा होता, आणि त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "बोललो असतो."

"मैं बोलती थी ना," ती नातवाला म्हणाली.

चहा आला, मी प्यालो, बस आली. तिनं मला प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी भरून दिलं. ती बाटली बरेच दिवस माझ्या खिडकीत होती.

पुन्हा जायचं ठरवून मी काही महिने काढले. बोलायचं वाक्य जुळवत होतो. मराठीत ते कचेरीतल्या अर्जासारखं वाटायचं, "दिलगीर आहे" वगैरे. म्हणून तिच्या बोलीत जुळवलं, आणि रिकाम्या घरात मोठ्यानं म्हणून बघितलं. जमलं असं वाटलं तेव्हा अंबडची बस धरली. निंबाखाली बाज भिंतीला उभी लावलेली होती. रांजण जागेवर होता, फडकं ओलं होतं. नातवानं मला बघितलं आणि तांब्या बुडवला. "नानी गेली, साहेब. रमजानच्या आधी." मी पाणी प्यालो. त्याला सांगावं असं मनात आलं, पण ते वाक्य त्याच्यासाठी जुळवलेलं नव्हतं.

ते मॉडेल आता सगळ्यांना बघता येतं. मोबाइलवर बोट फिरवलं की सराई फिरते. मीही बघतो. उजवी बाजू आली की बोट थांबतं. अलीकडे मी त्या पुण्याच्या मुलीला फोन करून सगळं सांगितलं. मग तिनं विचारलं, "काका, पन्हळीचं काही माप आहे का? म्हणजे आम्हाला दाखवता येईल." माप नव्हतं. एवढंच सांगता आलं की ओंजळ धरली की मनगटं माझ्या शेवटच्या बरगडीला लागायची. फिकट चौकोनाशी ते जुळतं, असं ती म्हणाली. पण तेवढ्यावरून पन्हळ बांधता येणार नाही. जे मोजलेलं नाही ते मॉडेलमध्ये घालता येत नाही. तुम्ही लिहून द्या, ते आम्ही सोबत ठेवू, असं म्हणाली. तिचं बरोबर आहे. आमच्यातही हाच नियम होता.

म्हणून हे लिहिलं. सराईच्या उजव्या बाजूला, मागच्या गल्लीत, दगडी पन्हळ होती. तिच्या मागे, भिंतीच्या आत, बुटकी खोली आणि रांजण होता. ती नंतरची नव्हती. मी ती बाजू मोजली नव्हती.

आणि जे वाक्य घेऊन मी दुसऱ्यांदा वडीगोद्रीला गेलो होतो, ते असं होतं: अम्मा, उनो पूछे थे. मेरेकूच पूछे थे. मैं रोज पीता था, और मैं बोला, नै था करके. माफ करो.